जुन्या शेव्हरोले सी-10 चं नाक अडीच इंच खाली घेताना

1973 ते 1987 मधला शेव्हरोले सी-10 हा पिकअप ट्रक, मागच्या चाकांवर चालणारा, अमेरिकेत आजही लोक हौसेने सांभाळतात. त्याचं नाक, म्हणजे पुढची बाजू, खाली आणायचं तर सर्वात स्वस्त वाट म्हणजे स्प्रिंगचा अर्धा वेटोळा कापणं. तसं करू नका. कापलेली स्प्रिंग कडक होते, आणि चाक मोकळं लोंबलं की आपल्या जागेत सैल पडू शकते. गॅसने तापवून बसवणं त्याहून वाईट, कारण पोलादाचं पाणी, म्हणजे त्याची ताकद, उतरतं आणि स्प्रिंग पुढे बसतच जाते.

योग्य सुरुवात ड्रॉप स्पिंडलने करा. स्पिंडल म्हणजे चाक ज्यावर फिरतं तो भाग; तो चासीला (गाडीच्या सांगाड्याला) जोडलेल्या वरच्या-खालच्या आर्मना बॉल जॉइंटने, म्हणजे गोल फिरत्या सांध्यांनी, बसवलेला असतो. ड्रॉप स्पिंडलमध्ये चाकाचा आस बॉल जॉइंटच्या मानाने वर सरकवलेला असतो. गाडी अडीच इंच, म्हणजे सुमारे 63 मिमी खाली येते, पण आर्मचा कोन आणि स्प्रिंगची हालचाल मूळचीच राहते. मूळ शॉक अ‍ॅब्सॉर्बरही चालतात.

ऑर्डर देण्याआधी ब्रेक डिस्कची जाडी मोजा. सी-10 वर 1 इंची आणि सव्वा इंची अशा दोन डिस्क आल्या, आणि त्यांची स्पिंडल वेगवेगळी आहेत. सोबत नवी आतली-बाहेरची बेअरिंग, ग्रीस सील आणि कॉटर पिना (नट फिरू नये म्हणून घालायच्या पिना) घ्या. बॉल जॉइंटला जराही खेळ असेल तर तेही आत्ताच बदला, दुसऱ्यांदा सगळं उघडायला लागू नये.

गाडी सपाट जमिनीवर उभी करून चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना लिहून ठेवा. मग मागच्या चाकांना अडसर लावा, पुढून उचला आणि चासी भक्कम स्टँडवर टेकवा. चाक काढा, कॅलिपर (डिस्कला चिमटणारा ब्रेकचा भाग) सोडवून तारेने वर टांगा. ब्रेकच्या नळीवर त्याचा भार कधीच येऊ देऊ नका. डिस्क, तिच्यामागचा पत्रा आणि टाय रॉडचं (स्टिअरिंगची हालचाल चाकाला देणाऱ्या दांड्याचं) टोक मोकळं करा.

आता खरा धोक्याचा भाग. स्प्रिंग अजून दाबलेली आहे आणि तिला धरून ठेवणारी वस्तू म्हणजे खालचा आर्म. स्प्रिंगमधून साखळी ओवून चासीला बांधा आणि खालच्या आर्मखाली, बॉल जॉइंटच्या जवळ जॅक लावा. दोन्ही बॉल जॉइंटचे नट दोन-तीन आटे सैल करा, पण काढू नका. जॅक बोटभर खाली सोडला की स्प्रिंगचा जोर टेपरवर, म्हणजे बॉल जॉइंटच्या निमुळत्या दांड्यावर, येतो. त्या वेळी स्पिंडलच्या ज्या भागात टेपर बसलेला असतो, त्याच्या बाजूवर जड हातोड्याचे दोन-तीन घाव घाला. ठण्ण आवाज होऊन तो सुटतो आणि नटावर अडकतो. नट ठेवायचा तो यासाठीच. दोन्ही सुटले की जॅकने आर्म पुन्हा वर घ्या, मगच नट काढा आणि स्पिंडल बाहेर घ्या. जॅक तिथून हलवायचा नाही. बॉल जॉइंट उपटायचा दुशाखी काटा वापरला तर रबरी बूट फाटतो, म्हणून जॉइंट टाकायचा असेल तरच तो हातात घ्या.

नवं स्पिंडल आधी खालच्या जॉइंटवर बसवा, मग वरच्या. टॉर्क पान्याने वरचा नट 50 आणि खालचा 90 फूट-पाउंड. कॉटर पिनचं भोक जुळत नसेल तर नट आणखी आवळा, मागे कधीच सोडू नका.

बेअरिंगमध्ये ग्रीस तळहाताने भरा. बेअरिंगची रुंद कड ग्रीसच्या गोळ्यावर दाबत राहा, रोलरच्या फटींतून दुसऱ्या बाजूने तारेसारखं ग्रीस निघेपर्यंत. डिस्क फिरवत फिरवत स्पिंडलचा नट 12 फूट-पाउंडला आवळा, सैल करा, मग फक्त बोटांनी आवळा आणि पिन घाला. इथे जास्त आवळलं तर बेअरिंग तापून जळतं. कॅलिपरचे बोल्ट 35 फूट-पाउंड.

चाक लावून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. खालचा बॉल जॉइंट आणि टाय रॉडचं टोक आता रिमच्या जवळ आलेलं असतं. 15 इंची रिम बहुधा बसते, पण रिमपासून किमान 3 मिमी मोकळीक हवी. रिमच्या खालच्या कडेपेक्षा काहीही खाली लोंबत असेल तर ती रिम त्या स्पिंडलसोबत वापरू नका, कारण टायर पंक्चर झाल्यावर तोच भाग रस्त्यावर घासेल. ब्रेकची नळी कुठे ताणते का, हेही याच वेळी पाहा.

आणखी खाली हवं असेल तर स्प्रिंग बदलावी लागते, आणि ते काम स्प्रिंग कॉम्प्रेसर लावूनच करा. 2 इंचांच्या स्प्रिंगसोबत शॉकही आखूड लागतो आणि रबरी बम्प स्टॉप (आर्मची वरची हालचाल थांबवणारा ठोकळा) छाटावा लागतो, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात आर्म त्यावर आपटतो.

अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या कोनांची जुळणी, त्याच दिवशी करून घ्या. वरच्या आर्मच्या शाफ्टमागच्या पट्ट्या, म्हणजे शिम, पुढे-मागे सारख्या बदलल्या की कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल) बदलतो, असमान बदलल्या की कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा पुढे-मागे कल). कॅम्बर शून्य ते उणे अर्धा अंश, टो-इन (चाकांची पुढची कड आत वळलेली असणं) एकूण 1/16 ते 1/8 इंच ठेवलं तर टायर आतल्या कडेला झिजत नाही. दिव्यांचा झोत वर-खाली करून पुन्हा जुळवा. स्प्रिंग बदलली असेल तर सुमारे 500 मैलांनंतर अलाइनमेंट पुन्हा तपासा.

भारतात कंपनीने नोंदवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत करण्यावर मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 चं बंधन आहे. तिथल्या गाडीवर हे करायच्या आधी आरटीओकडे जा.