मेलची चाळणी सर्व्हरवरच: डव्हकॉटमध्ये सिव्ह कसे लावावे

फोनवर एक फिल्टर, लॅपटॉपवर दुसरा आणि वेबमेलमध्ये काहीच नाही, अशी आपली नेहमीची तऱ्हा. नियम सर्व्हरवर ठेवले, की मेल पोचतानाच चाळला जातो. मग उघडा कुठूनही. हे नियम ज्या भाषेत लिहितात तिचं नाव सिव्ह, म्हणजे चाळणीच. ती 2001 मध्ये आरएफसी (इंटरनेटची मानकं मांडणारा दस्तऐवज) 3028 म्हणून आली आणि 2008 मध्ये 5228 म्हणून सुधारली गेली. तिच्यात लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या सूचना, मुद्दामच नाहीत. एकाच्या गचाळ स्क्रिप्टपायी सगळ्यांचा सर्व्हर अडकायला नको.

डेबियन किंवा उबुंटू लिनक्सवर पोस्टफिक्स (मेल घेणारा-पाठवणारा) आणि डव्हकॉट (मेल साठवून वाचायला देणारा) चालू आहेत, असं धरून चालू. आधी ‘डव्हकॉट-सिव्ह’ आणि ‘डव्हकॉट-मॅनेजसिव्हडी’ ही दोन पॅकेजेस टाका. मग डव्हकॉटच्या कॉन्फिगमधल्या एलएमटीपी (आलेला मेल डव्हकॉटच्या हाती सोपवायची पद्धत) विभागात, मेल प्लगिन्सच्या यादीत सिव्ह जोडा. डव्हकॉट 2.4 मध्ये कॉन्फिगची मांडणी बदलली आहे. तेव्हा 2.3 साठी लिहिलेल्या ओळी तिथे जशाच्या तशा चिकटवू नका.

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट. पोस्टफिक्स मेल थेट मेलबॉक्समध्ये टाकत असेल, तर सिव्हला तो दिसतच नाही. स्क्रिप्ट बरोबर, लॉग कोरा, आणि आपण डोकं धरून बसलेलो. पोस्टफिक्सने मेल एलएमटीपीने डव्हकॉटच्या हाती द्यायला हवा. ते आधी तपासा, मग दोन्ही सेवा पुन्हा सुरू करा.

मॅनेजसिव्ह, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅममधून सर्व्हरवरचे नियम बदलू देणारी सेवा, 4190 पोर्टवर ऐकतो. वेबमेल त्याच मशिनवर असेल, तर हा पोर्ट बाहेर उघडायची गरज नाही. राउंडक्यूब या वेबमेलमध्ये मॅनेजसिव्ह प्लगिन चालू केलं, की सेटिंग्जमध्ये ‘फिल्टर्स’ दिसू लागतं. तिथे नियम बनवले तर स्क्रिप्ट आपोआप लिहिली जाते. हाताने लिहिणार असाल, तर वापरायची एक्स्टेन्शन्स (मूळ भाषेबाहेरच्या जादा सोयी) ‘रिक्वायर’च्या ओळीत सर्वांत वर सांगावी लागतात. ती विसरली, तर स्क्रिप्ट कंपाइलच होत नाही.

पहिला नियम स्पॅमचा ठेवा: स्पॅमअसॅसिन या स्पॅम ओळखणाऱ्या प्रोग्रॅमने ‘एक्स-स्पॅम-फ्लॅग’ या हेडरमध्ये (मेलच्या माथ्यावरच्या माहितीच्या ओळीत) ‘येस’ लिहिलं असेल, तर मेल ‘जंक’ फोल्डरमध्ये, आणि लगेच ‘स्टॉप’. स्टॉप नसेल, तर खालचे नियमही लागतात आणि एकच मेल दोन फोल्डरांत सापडतो. मेलिंग लिस्टसाठी विषय पाहण्यापेक्षा ‘लिस्ट-आयडी’ हेडर पाहा. विषय लोक बदलतात. फोल्डर आधी तयार करून ठेवा. विषयातले मराठी शब्दही जुळवता येतात, फक्त फाइल यूटीएफ-8 मध्ये जतन केलेली हवी.

मेल गुपचूप टाकून देणाऱ्या ‘डिस्कार्ड’ला मात्र महिनाभर तरी हात लावू नका. मी एकदा विषयात ‘ऑफर’ असलेले सगळे मेल डिस्कार्ड करायचा नियम लिहिला होता. आठवड्याभराने एका मित्राने विचारलं, “अरे, माझं ऑफर लेटर वाचून सांगणार होतास ना?” ते गेलं होतं, पाठवणाऱ्याला कळलं नाही, मलाही नाही. शंका असलेले मेल वेगळ्या फोल्डरात वळवा. सिव्ह तसा सांभाळून घेणारा आहे. कुठलाच नियम लागला नाही किंवा स्क्रिप्ट मध्येच चुकली, तर मेल इनबॉक्समध्ये राहतो. डिस्कार्डपुढे मात्र तोही गप्प.

नियम चालू करण्याआधी ‘सिव्ह-टेस्ट’ या कमांडला स्क्रिप्ट आणि एक जतन केलेला मेल द्या. काय होईल ते तो सांगतो, करत काही नाही. प्रत्यक्ष चालताना बिनसलं, तर वापरकर्त्याच्या स्क्रिप्टशेजारच्या लॉग फाइलमध्ये कारण सापडतं.

रजेवर जाताना आपोआप उत्तर देणारा ‘व्हेकेशन’ लावा. दिवस न सांगितल्यास एका पत्त्याला सात दिवसांत एकदाच उत्तर जातं, तेवढं पुरे.

आधीच साठलेल्या मेलला हे नियम लागत नाहीत, कारण सिव्ह चालतो तो मेल पोचताना. जुना ढीग उपसायचा असेल तर ‘सिव्ह-फिल्टर’ ही कमांड आहे. तोही आधी नुसती रंगीत तालीम करतो, खरं काम करायला वेगळा पर्याय द्यावा लागतो. तालमीचा निकाल ओळन् ओळ वाचा, मगच तो पर्याय द्या.