गेम इंजिनाचे दर बदलले तर काय करावे

मालवणात आम्ही दोघे जण रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून अनेकांनी दोरीने जाळे ओढून करायच्या मासेमारीवर, एक लहान मोबाइल गेम करतो. इंजिनाचे, म्हणजे गेम ज्या सॉफ्टवेअरवर बांधतात त्याचे, दर वाढल्याची बातमी आली की हातातले काम टाकून दुसरे इंजिन धरावे असे वाटते. आम्ही एकदा तसे केले आणि तीन आठवड्यांचे काम वाया घालवले. म्हणून पहिले सांगणे असे, की बातमी वाचून नव्हे, तर मूळ अटी वाचून निर्णय घ्यावा.

युनिटी या इंजिनाचे उदाहरण पाहा. 12 सप्टेंबर 2023 रोजी युनिटी कंपनीने ‘रनटाइम फी’ जाहीर केली. मोफत योजनेतील ज्या गेमने मागील 12 महिन्यांत 2 लाख डॉलर मिळवले असतील आणि एकूण 2 लाख इन्स्टॉलही ओलांडले असतील, त्याला 1 जानेवारी 2024 पासून ठरावीक श्रीमंत देशांतील प्रत्येक नव्या इन्स्टॉलमागे 20 सेंट द्यावे लागणार होते. दोन्ही अटी एकदम पूर्ण व्हायला हव्या होत्या, हे अनेकांच्या नजरेतून सुटले. तरीही संताप रास्तच होता, कारण आधीच बाजारात असलेल्या गेमलाही ही आकारणी लागू होणार होती. अनेक मोबाइल स्टुडिओंनी त्या कंपनीमार्फत येणाऱ्या जाहिराती आपल्या गेममधून बंद केल्या, दहा दिवसांत मोफत योजना फीमधून वगळली गेली आणि 12 सप्टेंबर 2024 रोजी फीच रद्द झाली. मात्र प्रो या सशुल्क योजनेची वर्गणी 2025 पासून दर वापरकर्त्यामागे वर्षाला 2,200 डॉलर झाली.

त्यानंतर स्वतःचा हिशेब मांडावा. एक्सेलमध्ये महिन्याचे इन्स्टॉल, दर इन्स्टॉलमागची कमाई आणि नवी आकारणी असे तीन रकाने करावेत. जाहिरातींवर चालणारा मोफत गेम इन्स्टॉलमागे 5 सेंट मिळवत असेल आणि आकारणी 20 सेंट असेल, तर मर्यादा ओलांडल्यावर प्रत्येक नवा खेळाडू 15 सेंटचा तोटा आणतो. हाच गेम 5 डॉलरला विकला जात असेल, तर तीच आकारणी सोसता येते. आपण मर्यादेच्या आसपासही नसू, तर घाईचे कारण नाही.

अटींची प्रत तारखेसह पीडीएफमध्ये जपून ठेवावी आणि आपण इंजिनाची कोणती आवृत्ती वापरतो तेही त्यात लिहावे. जुन्या आवृत्तीवर राहणाऱ्याला जुन्याच अटी लागू राहतील, असे युनिटीने 2019 मध्ये सांगितले होते. 2023 च्या वादाच्या वेळी ते कलम अटींत उरले नव्हते. काम अर्ध्यावर असताना आवृत्ती बदलू नये.

सर्वांत मोलाचे काम शांततेच्या काळात करायचे असते, ते म्हणजे गेमचे नियम इंजिनापासून वेगळे ठेवणे. आमच्या गेममध्ये भरती किती आहे, दोरीला किती माणसे आहेत आणि जाळे किती वेगाने किनाऱ्याकडे येते, हा सगळा हिशेब सी शार्प या प्रोग्रामिंग भाषेतल्या एका साध्या फाइलमध्ये आहे, आणि त्या फाइलमध्ये इंजिनाचे नावही येत नाही. मालवणी संवाद सीएसव्हीत, म्हणजे तक्त्याच्या साध्या फाइलमध्ये आहेत, होड्यांची मूळ चित्रे ब्लेंडर या त्रिमिती चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत. उद्या इंजिन सोडायचे ठरले, तर पडद्यावर दाखवण्याचा भाग तेवढा नव्याने लिहावा लागेल.

पर्याय तपासायचा तर एकच दृश्य घ्यावे आणि त्याला आठवडा द्यावा. गोडो हे इंजिन एमआयटी या मुक्त परवान्याखाली आहे, त्यामुळे त्यात फी नाही आणि रॉयल्टीही नाही; पण गोडो 4 मध्ये सी शार्प वापरल्यास वेबसाठी एक्सपोर्ट करता येत नाही, हे आधी लक्षात घ्यावे. अनरियल हे इंजिन एका गेमची कमाई 10 लाख डॉलरवर गेल्यानंतर साधारणपणे 5 टक्के घेते. तयार झालेले दृश्य स्वतःच्या लॅपटॉपवर पाहून समाधान मानू नये. ते बाजारातल्या स्वस्त फोनवर घालून जेटीवर भर उन्हात चालवून पाहावे.

दरांबद्दल इंजिनाच्या कंपनीला लिहिताना आपला एक्सेलचा हिशेब जोडावा आणि शक्यतो इतर गेमकर्त्यांसह एकत्र लिहावे. इंजिन बदलायचेच ठरले, तर हातातला गेम जुन्या इंजिनात पूर्ण करून बाजारात आणावा आणि पुढचा गेम नव्यात सुरू करावा.