पलटी नांगराचा पाइप कपलरमध्ये बसेना तेव्हा

ऊस निघालेल्या रानात पलटी नांगर जोडायचा होता, पण हायड्रोलिक पाइपचं टोक कपलरमध्ये, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागं पाइप जोडायच्या तोंडात, काही केल्या बसेना. इंजिन बंद करून लिव्हर पुढं-मागं केला, तरी तेच. त्यानं फक्त ट्रॅक्टरकडचं प्रेशर उतरतं. इथं नांगराकडचं अडकलं होतं. उन्हात तेल तापून फुगतं आणि टोकातला वाल्व आत दबतच नाही. हातोडी मुळीच मारू नये, टोक चेपतं. नांगर जमिनीवर नीट टेकलेला पाहिला, टोकाच्या नटाला जाड फडकं गुंडाळलं आणि पान्यानं जेमतेम सैल केला. थोडं तेल पाझरलं. नट आवळून टोक पुसलं, कट्कन बसलं. गळती कधीच हातानं चाचपू नका, दाबाखालचं तेल कातडीत घुसतं. आता सोडताना आधी नांगर टेकवतो, इंजिन बंद करून लिव्हर हलवतो, मगच पाइप काढतो आणि टोपण लावून सावलीत ठेवतो.