फॉरमॅट मारण्याआधी: हरवलेली लायसन्स की आपल्याच संगणकातून कशी शोधावी

पावसाळा सुरू झाला की म्हापसा, फोंडा, मडगावमधल्या संगणक दुरुस्तीच्या दुकानांत गर्दी होते. वीज जाते-येते, गडगडाटात एखादा झटका बसतो, दमट हवेने बोर्डावर गंज धरतो आणि मशीन उठेनासे होते. दुकानातला मुलगा विचारतो, ‘‘फॉरमॅट मारू?’’ आपण घाईत ‘मार’ म्हणून मोकळे होतो. मशीन घरी आल्यावर कळते की ऑफिस, टॅली किंवा कोरलड्रॉ पुन्हा टाकायला लायसन्स की, म्हणजे सॉफ्टवेअर चालू करणारा अक्षर-आकड्यांचा क्रमांक, हवी, आणि ती कुठे लिहून ठेवली होती ते कुणाला आठवत नाही.

पुष्कळदा ती परत मिळते. मात्र ती कुठे शोधायची हे लायसन्स कोणत्या प्रकारचे आहे त्यावर ठरते, आणि ते न पाहताच लोक नेटवर जाऊन दिसेल तो ‘की फाइंडर’ उतरवून घेतात. काही कीज संगणकात असतात, काही बोर्डात, काही ईमेलमध्ये, तर काही मुळात अस्तित्वातच नसतात. म्हणून सुरुवात ओळख पटवण्यापासून करायची. आणि हे सगळे स्वतःच्या मालकीच्या संगणकासाठी आहे. ऑफिसने किंवा कॉलेजने दिलेल्या मशीनवरची की त्या संस्थेची असते, ती आपण उचलून घरी वापरायची नसते.

पहिली पायरी: विंडोजलाच विचारा

मशीन चालू होत असेल तर विंडोजचे बटण धरून आर दाबा. छोटी चौकट उघडेल. तिच्यात इंग्रजी अक्षरे एस, एल, एम, जी, आर अशी सलग टाइप करा, एक जागा सोडा, प्रश्नचिन्हाच्या बटणावरची तिरकी रेघ द्या आणि तिला चिकटून डी, एल, आय. मग एंटर. काही क्षणांनी एक खिडकी येईल. तिच्यातल्या दोनच गोष्टी कामाच्या: ‘चॅनल’ या शब्दाच्या आधी काय लिहिले आहे ते, आणि कीची शेवटची पाच अक्षरे. त्या खिडकीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

‘ओईएम डीएम’ दिसले तर काळजी संपली. २०१२ मध्ये विंडोज ८ आले, तेव्हापासून मोठ्या कंपन्या लॅपटॉपची की मदरबोर्डवरच्या चिपमध्येच भरून देतात. विंडोज पुन्हा टाकताना सेटअप ती स्वतः वाचून घेतो, तुम्हाला टाइप करावी लागत नाही. तरी डोळ्यांनी पाहायचीच असेल तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर ‘शोकीप्लस’ नावाचे मोफत अ‍ॅप आहे, ते दाखवते. फक्त एक ध्यानात ठेवा: मदरबोर्ड बदलला तर ही की जुन्या बोर्डाबरोबर जाते. वीज पडून बोर्ड जळला आणि दुकानदार ‘बोर्ड बदलू’ म्हणाला, तर विंडोजचे काय करणार हे त्याला तेव्हाच विचारा.

‘रिटेल’ दिसले तर शेवटची पाच अक्षरे पाहा. तीन-व्ही-सहा-सहा-टी किंवा आठ-एच-व्ही-एक्स-सात असतील, तर ती तुमची खासगी की नव्हेच. पहिली विंडोज प्रोची, दुसरी होमची सर्वसाधारण की आहे, आणि ती जगभरातल्या असंख्य संगणकांवर सारखीच असते. तुमचा हक्क मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर, तुमच्या हार्डवेअरच्या नावाने नोंदलेला आहे. त्यालाच डिजिटल लायसन्स म्हणतात. ही की वहीत लिहून ठेवून काहीच साधत नाही. त्यापेक्षा सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्टिव्हेशनचे पान उघडा आणि लायसन्स तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडलेले आहे का ते बघा. नसेल तर आजच जोडा, कारण उद्या हार्डवेअर बदलले तर हक्क सांगायला तेच खाते उपयोगी पडते. विंडोज ७ किंवा ८ ची जुनी की वापरून फुकटात पुढच्या विंडोजवर जाण्याची सोय मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली, त्यामुळे त्या वाटेने आता नव्याने हे लायसन्स मिळत नाही.

घरच्या मशीनवर ‘व्हॉल्यूम केएमएस क्लायंट’ दिसले, तर समजा की कुणीतरी कधीतरी पायरेटेड विंडोज टाकून दिले आहे. शोधण्यासारखे तिथे काही नाही. बिलावर विंडोजचे पैसे लावले असतील तर त्या दुकानात जाऊन जाब विचारा.

विंडोज पुन्हा टाकताना एक घोळ वरचेवर होतो. लॅपटॉप होमचा असतो आणि टेक्निशियन सवयीने प्रो टाकतो. मग अ‍ॅक्टिव्हेशन होत नाही आणि ‘की गेली’ असा निष्कर्ष निघतो. की कुठेही गेलेली नसते, आवृत्ती चुकलेली असते.

जुन्या मशीनचा स्टिकर

विंडोज एक्सपी आणि ७ च्या काळातल्या संगणकांवर की स्टिकरवर छापलेली असे. डेस्कटॉपच्या कॅबिनेटला बाजूला, लॅपटॉपच्या पाठीवर किंवा बॅटरी काढली की तिच्या खालच्या खोबणीत. जुन्या ऑफिसच्या सीडीच्या डबीमागेही असाच स्टिकर असतो. गोव्याच्या हवेत आणि हाताच्या घामाने तो पुसट होतो. स्पिरिट किंवा ओला कपडा लावू नका, उरलेली शाईही जाईल. अंधारात टॉर्चचा उजेड अगदी तिरपा पाडून मोबाईलने पाच-सहा फोटो काढा, फोटो कृष्णधवल करा, कॉन्ट्रास्ट वाढवा.

आता वाचताना एक युक्ती फार कामाला येते. मायक्रोसॉफ्टच्या २५ अक्षरी कीमध्ये सगळी अक्षरे नसतात. त्या काळातल्या कीमध्ये फक्त २४ चिन्हे वापरली जात: बी, सी, डी, एफ, जी, एच, जे, के, एम, पी, क्यू, आर, टी, व्ही, डब्ल्यू, एक्स, वाय आणि २, ३, ४, ६, ७, ८, ९ हे आकडे. शून्य नाही, एक नाही, पाच नाही. ओ, आय, एल, एस, झेड नाहीत. एन हे अक्षर विंडोज ८ पासून आले. म्हणजे स्टिकरवर शून्यासारखे गोल दिसले तर ते डी, क्यू किंवा जी असणार. पाच किंवा एस वाटले तर पुन्हा पाहा, बहुधा ६, ८ किंवा बी असेल. दोन असावा की झेड, हा प्रश्नच उरत नाही. खरी पंचाईत बी आणि आठ यांची, तिथे दोन्ही करून पाहावे लागते.

ब्रँडेड कंपनीच्या विंडोज ७ मशीनमधून सॉफ्टवेअरने काढलेली की आणि स्टिकरवरची की वेगवेगळी निघाली तर गोंधळू नका. कारखान्यात एकाच सामायिक कीने हजारो मशीन भरत. नव्याने टाकताना स्टिकरवरचीच चालते.

ऑफिसची की

इथे साल महत्त्वाचे. ऑफिस २००३, २००७ आणि २०१० ची पूर्ण की विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग्जच्या अंतर्गत नोंदवहीत, सांकेतिक रूपात साठवलेली असते. निरसॉफ्टचे ‘प्रोड्युकी’ हे छोटे मोफत सॉफ्टवेअर ती उलगडून समोर मांडते. ऑफिस २०१३ पासून मात्र संगणकात कीची फक्त शेवटची पाच अक्षरे राहतात. उरलेली वीस कुठलेही सॉफ्टवेअर काढून देऊ शकत नाही, आणि ‘देतो’ म्हणणारे सॉफ्टवेअर थाप मारते. शाळेत किंवा वाचनालयात पाच-सात मशीन आणि तेवढीच कार्डे असतील, तर त्या पाच अक्षरांवरून कोणते कार्ड कोणत्या मशीनवर वापरले एवढे जुळवता येते. त्यासाठी ऑफिसच्या फोल्डरमधली ओएसपीपी नावाची स्क्रिप्ट जाणकाराकडून चालवून घ्यावी.

नव्या ऑफिसचा हक्क मायक्रोसॉफ्ट खात्यात असतो, आणि आपल्याकडे खरी अडचण तिथेच येते. लॅपटॉप घेताना दुकानातल्या पोराने घाईघाईत एक नवे खाते उघडून ऑफिस चालू करून दिलेले असते. ते खाते कोणते, पासवर्ड काय, घरात कुणालाच ठाऊक नसते. म्हणून मशीन चालू आहे तोवर वर्ड उघडा, फाइलमध्ये जाऊन अकाउंट निवडा. हे उत्पादन कोणत्या ईमेलचे आहे ते तिथे सहसा दिसते. त्याच ईमेलने मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर लॉगिन करून ‘सर्व्हिसेस अँड सबस्क्रिप्शन्स’ उघडले की ऑफिस पुन्हा उतरवता येते.

मशीन उठतच नसेल तर

डिस्क शाबूत असेल तर अजून आशा आहे. हार्ड डिस्क बाहेर काढून यूएसबीच्या डबीत घाला, दुसऱ्या संगणकाला जोडा, प्रोड्युकी उघडा आणि त्याला बाहेरच्या डिस्कवरचा विंडोज फोल्डर दाखवा. त्या फोल्डरमधली रजिस्ट्री वाचून ते जुन्या कीज दाखवते. फॉरमॅट न करता वरच्यावर विंडोज टाकले असेल, तर सी ड्राइव्हवर ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाचा फोल्डर सापडेल. त्यातही जुनी रजिस्ट्री असते, पण विंडोज तो साधारण दहा दिवसांनी आपणहून पुसून टाकते. तेव्हा ‘चवथ झाल्यावर बघू’ म्हणू नका.

नवीन लॅपटॉपची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असू शकते. दुसरीकडे जोडल्यावर ती ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात ‘डिव्हायसेस’खाली सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त.

प्रोड्युकीवर अँटिव्हायरस ओरडतो. कीज वाचणारे सॉफ्टवेअर चोरालाही उपयोगी, म्हणून हा संशय. ते निरसॉफ्टच्या स्वतःच्या पानावरूनच घ्या. ‘क्रॅकसह मोफत’ असल्या पानांवरून घेतलेला की फाइंडर तुमच्या कीज दाखवतो आणि जाता जाता पासवर्डही घेऊन जातो. ‘बेलार्क अ‍ॅडव्हायझर’ हा दुसरा पर्याय, घरगुती वापरासाठी मोफत. तो संगणकातल्या सॉफ्टवेअरची यादी आणि सापडतील त्या कीज एका पानावर देतो. ते पान छापून कपाटात ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात टाकू नका.

टॅली, कोरल आणि मराठी टायपिंग

टॅलीचा सीरियल नंबर आणि नोंदणीचा ईमेल सापडला की बाकीचे जमते. मशीन चालू असेल तर फॉरमॅटआधी टॅलीतूनच लायसन्स ‘सरेंडर’ करा, म्हणजे नव्या मशीनवर ते सरळ चालू होते. अडचण ईमेलची येते. गोव्यातल्या कितीतरी दुकानांनी आणि हॉटेलांनी पूर्वी संचारनेट किंवा गोवाटेलिकॉमचे ईमेल पत्ते देऊन नोंदणी केली होती. तो मेलबॉक्स आता उघडत नसेल तर बिल आणि सीरियल नंबर घेऊन टॅलीच्या अधिकृत विक्रेत्याकडे जा आणि आधी ईमेल बदलून घ्या. हीच गोष्ट अँटिव्हायरसची.

कोरलड्रॉचा सीरियल नंबर हेल्पमधल्या अबाउटच्या खिडकीत दिसतो, तो डी-आर या अक्षरांनी सुरू होतो. अ‍ॅडोबीच्या क्रिएटिव्ह सूटच्या काळातले २४ अंकी नंबर नोंदणी केली असल्यास अ‍ॅडोबी खात्यात मिळतात.

जत्रांची पत्रके आणि नाटकांच्या जाहिराती छापणाऱ्या प्रेसवाल्यांकडे श्रीलिपी किंवा आकृतीच्या जुन्या आवृत्त्या असतात. त्यांची की संगणकात शोधू नका. ती संगणकाच्या मागे लावलेल्या हार्डवेअर लॉकमध्ये, म्हणजे पोर्टात खोचायच्या छोट्या डबीत, असते. लॉक बिघडले तरी फेकू नका, बदलून मागायचे तर जुने हातात असलेले बरे. प्रिंटरच्या २५ पिनी पोर्टला लागणारे लॉक असेल तर यूएसबीवरून प्रिंटर जोडायच्या केबलने ते सहसा चालत नाही, त्या केबलवर पैसे घालवू नका. आणि खरे सांगायचे तर फक्त जुन्या फाइली वाचण्यासाठीच लायसन्स हवे असेल, तर त्या एकदा युनिकोडमध्ये बदलून घ्या.

मॅकवर अ‍ॅप स्टोअरमधून घेतलेल्या गोष्टींना की नसते, अ‍ॅपल खाते पुरते. बाकीच्यांसाठी मेलच्या शोधात सॉफ्टवेअरचे नाव, आणि ‘लायसन्स’, ‘ऑर्डर’, ‘अ‍ॅक्टिव्हेशन’ हे शब्द इंग्रजीत टाकून पाहा. स्पॅमचा फोल्डरही सोडू नका.

सापडलेल्या प्रत्येक कीसमोर चार गोष्टी लिहा: सॉफ्टवेअरचे नाव व आवृत्ती, कोणत्या मशीनवर आहे, कोणत्या ईमेलने नोंदवले, आणि बिल कुठे आहे. जुना संगणक विकायला काढाल तेव्हा जाहिरातीतल्या फोटोत स्टिकर दिसू देऊ नका.