फाइल समोर असूनही ‘सापडत नाही’: माझा अनुभव

गेल्या शनिवारी ऐरोलीला भाचीच्या कॉलेज प्रोजेक्टपायी रात्रीचे दोन तास गेले. तिच्या विंडोजवर सगळं सुरळीत. माझ्या उबुंटूवर (लिनक्सचा एक प्रकार) मात्र बिल्ड स्क्रिप्ट, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम तयार करणाऱ्या आज्ञांची फाइल, चालवली की ‘बॅड इंटरप्रिटर’, म्हणजे स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम सापडत नाही, अशी फाइलच नाही. स्क्रिप्ट चालवणारा बॅश हा प्रोग्रॅम जागेवर होता, फाइल चालवायची परवानगीही दिलेली. भाची म्हणाली, “मामा, उबुंटू परत टाकूया का?” तसं मुळीच करू नका, आधी एररची ओळ अक्षर न् अक्षर वाचा. बॅशच्या नावाला चिकटून टोपीसारखी खूण आणि एम दिसत होता. दुखणं तिथेच होतं.

विंडोजमध्ये ओळ संपताना सहसा दोन अक्षरं पडतात: कॅरेज रिटर्न (१३) आणि लाइन फीड (१०). लिनक्सला फक्त १० हवा. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत बॅशचं नाव असतं; उरलेला १३ (टोपी आणि एम दिसतो तो हाच) त्या नावाचाच भाग धरला जातो, आणि त्या नावाचा प्रोग्रॅम कुठून मिळणार? ‘डॉस-टू-युनिक्स’ या ओळींचे शेवट बदलणाऱ्या प्रोग्रॅमने फाइल साफ केली. पण तिच्या मशीनवरून तेच पुन्हा आलं असतं, म्हणून गिटच्या (कोडमधले बदल सांभाळणारं साधन) गिट-ॲट्रिब्यूट्स फाइलमध्ये अशा स्क्रिप्टसाठी ओळीचा शेवट कायम एलएफ (फक्त लाइन फीड), असा नियम लिहिला. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मग कंपायलरला (कोडचा प्रोग्रॅम बनवणारं साधन) हेडर, म्हणजे कोडला लागणारी एक जोडफाइल, सापडेना. फाइलचं नाव मोठ्या (कॅपिटल) सीने, कोडमध्ये लहान. विंडोज आणि मॅक सहसा हा फरक धरत नाहीत, लिनक्स धरतं. नाव ‘गिट एमव्ही’ या गिटच्या आज्ञेने बदललं. साडेअकराला बिल्ड पूर्ण झालं. आता तिच्या मैत्रिणीच्या मॅकवर चालवून बघायचंय.