तरुणांच्या रोजगारासाठीचा युरोपचा पैसा: जर्मनीत नव्याने आलेल्यांनी कुठे विचारायचं

ऑगस्ट-सप्टेंबर आला की हॅम्बुर्गमधल्या आमच्यासारख्या जुन्या मराठी मंडळींचे फोन वाजू लागतात. पुण्याहून आउसबिल्डुंगसाठी, म्हणजे कंपनीत काम करत व्यवसाय शिकण्यासाठी, आलेली मुलगी वर्गातल्या जर्मनने घाबरलेली असते. मास्टर्स झालेला मुलगा अर्ज करकरून खचलेला असतो. आणि सगळ्यांत जास्त फोन आईवडिलांचे: "आमचा सतरा वर्षांचा आहे, इथल्या शाळेत त्याचं बस्तान बसत नाही, काय करू?" या तिघांसाठीही इथे सरकारी पैशातून चालणारी मदत आहे, आणि बहुतेक वेळा तिघांनाही ती कुणी सांगितलेली नसते. म्हणून नीट लिहून काढतेय.

थोडी पार्श्वभूमी आधी. 2013 च्या सुमारास युरोपात तरुणांची बेकारी भयंकर वाढली होती. ग्रीस आणि स्पेनमध्ये काम शोधणाऱ्या पंचविशीच्या आतल्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त रिकामी होती. त्या वर्षी युरोपियन युनियनच्या सदस्य देशांनी 'यूथ गॅरंटी' मान्य केली: शाळा सुटली किंवा नोकरी गेली की चार महिन्यांच्या आत तरुणाला नोकरी, पुढचं शिक्षण, अप्रेंटिसशिप किंवा प्रशिक्षण यांपैकी काहीतरी चांगलं देऊ करायचं. 2020 मध्ये तिची वयोमर्यादा 30 पर्यंत वाढवली. नाव गॅरंटी असलं तरी ही देशांना केलेली शिफारस आहे. ती दाखवून खिडकीवर हक्काने काही मागता येत नाही. युरोपच्या लेखापरीक्षकांनीही 2017 मध्ये स्पष्ट लिहिलं की त्यांनी पाहिलेल्या एकाही देशाला चार महिन्यांचा शब्द सगळ्या मुलांच्या बाबतीत पाळता आलेला नाही. तरीही मी तिला महत्त्व देते, कारण तिच्यामागे खरा पैसा उभा आहे. 2021 ते 2027 या काळासाठी युरोपियन सोशल फंड प्लसमध्ये सुमारे 99 अब्ज युरो आहेत, आणि ज्या देशांत शिक्षणही नाही, कामही नाही अशा तरुणांचं प्रमाण सरासरीपेक्षा जास्त होतं, त्यांना आपल्या वाट्यातला किमान 12.5 टक्के पैसा तरुणांच्या रोजगारावरच खर्च करावा लागतो.

हा पैसा तुमच्या खात्यात येत नाही, हे आधीच लक्षात घ्या. तो ब्रुसेल्सहून देशाकडे आणि राज्यांकडे येतो. तिथून संस्था, नगरपालिका आणि शाळा प्रकल्पासाठी अर्ज करतात, आणि त्यात स्थानिक सरकारचा वाटा पडतो. तुमच्यापर्यंत पोचतो तो समुपदेशक, शिकवणी, कार्यशाळेतली जागा या रूपात. अशा प्रकल्पाच्या दाराशी युरोपचा निळा झेंडा आणि 'युरोपियन युनियनच्या सहअर्थसाहाय्याने' असं लिहिलेलं ए-थ्री आकाराचं पोस्टर दिसतं. ते लावणं नियमानेच बंधनकारक आहे. आत गेलात की वय, शिक्षण, सध्या काम आहे का, असा एक फॉर्म भरून घेतात. वर्गात हजेरीचा कागद फिरतो. प्रकल्प संपला की तुम्ही आता काय करता, हे पुन्हा विचारतात. आपल्या मुलांना ही पाळत वाटते आणि ती सही टाळतात. कृपया टाळू नका. किती जण आले आणि त्यांचं पुढे काय झालं, याचा हिशेब संस्थेला द्यावाच लागतो.

आता सतरा वर्षांच्या मुलाकडे येते, कारण सगळ्यांत जास्त नुकसान इथे होतं. दहावी करून आलेला मुलगा, जर्मन जेमतेम ए-टू, म्हणजे प्राथमिक पातळीची. आईवडिलांचा सगळा जोर त्याला गिम्नाझियममध्ये, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत, घालण्यावर, कारण "इंजिनिअरच व्हायचंय." वर्ष-दोन वर्षं अशीच झगडण्यात जातात आणि मुलगा घरात बोलेनासा होतो. माझं कळकळीचं सांगणं आहे, पहिल्या महिन्यातच युगेंडमिग्रात्सिओन्सडीन्स्टमध्ये जा. बाहेरून आलेल्या 12 ते 27 वयाच्या मुलांसाठी केंद्र सरकारच्या पैशातून चालणारी ही सल्ला केंद्रं देशभर सुमारे 500 ठिकाणी आहेत. सल्ला फुकट, गोष्ट बाहेर जात नाही. दुसरं दार युगेंडबेरूफ्सआगेंटूअरचं, म्हणजे तरुणांच्या रोजगार केंद्राचं. याची सुरुवात 2012 मध्ये आमच्या हॅम्बुर्गमध्येच झाली. रोजगार कार्यालय, जॉबसेंटर (निर्वाहभत्ता देणारं कार्यालय), शाळा खातं आणि युवक कल्याण विभाग एकाच छताखाली बसतात, म्हणजे पंचविशीच्या आतल्या मुलाला एका टेबलावरून दुसऱ्या इमारतीत पाठवत नाहीत. भाषा कच्ची असेल तर आइनश्टीग्सक्वालिफित्सीरुंग नावाची सोय विचारा: चार ते बारा महिने कंपनीत प्रत्यक्ष काम शिकायचं आणि त्यातून पुढे आउसबिल्डुंगला जायचं. हातात हत्यार घेऊन शिकणं म्हणजे मूल वाया गेलं, ही आपली समजूत इथे उतरवून ठेवा. आउसबिल्डुंगनंतर माइस्टर, म्हणजे त्या व्यवसायातला प्रमाणित उस्ताद, होता येतं, आणि तिथून विद्यापीठाचं दारही उघडतं.

आउसबिल्डुंगला आलेल्यांनो, तुमच्यासाठी आसिस्टीअर्टे आउसबिल्डुंग, म्हणजे मदतीसह आउसबिल्डुंग, आहे. भाषा, गणित, विषयाची थिअरी यांची फुकट शिकवणी, शिवाय मालकाशी खटके उडाले तर मध्ये बोलणारा माणूस. नापास व्हायची वाट बघू नका, पहिल्या सहामाहीतच बेरूफ्सबेराटुंगला, म्हणजे रोजगार कार्यालयाच्या व्यवसाय सल्लागारांना, विचारा. कंपनीतल्या आउसबिल्डुंगला फी नसते, उलट भत्ता मिळतो. 2025 मध्ये सुरू करणाऱ्याला पहिल्या वर्षी कायद्याने किमान महिना 682 युरो ठरलेले होते. काही क्षेत्रांत सामूहिक करारामुळे आकडा थोडा वेगळा असतो. म्हणून गावाकडे जमीन गहाण टाकून एजंटला लाखो रुपये मोजणाऱ्या पालकांची बातमी आली की जीव तुटतो. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून त्याचं नाव घेऊन कुणीही काहीही विकू शकतं. पैसे मागितले की कशाचे, हे लेखी मागा.

मास्टर्स झालेल्यांनी नोकरी शोधण्यासाठीच्या 18 महिन्यांच्या निवास परवान्याच्या काळात रोजगार कार्यालयात 'काम शोधणारा' म्हणून नाव नोंदवावं. नोंदणीला पैसे पडत नाहीत. अर्ज आणि मुलाखतीच्या कोचिंगसाठी तिथे एक कूपन मिळू शकतं. ते देणं अधिकाऱ्याच्या निर्णयावर असतं, तेव्हा तुम्हाला ते का हवं, हे दोन वाक्यांत सांगायची तयारी करून जा.

एका बाबतीत मात्र जपून. सल्ला, प्रशिक्षण आणि जॉबसेंटरचा निर्वाहभत्ता या वेगळ्या गोष्टी आहेत. तुमचा परवाना 'स्वतःच्या खर्चाने राहीन' या अटीवर असेल, तर निर्वाहभत्त्यासाठी अर्ज केल्याने तो अडचणीत येऊ शकतो. मुलांचा भत्ता आणि कायद्यात नमूद केलेली शिक्षण-प्रशिक्षणाची मदत मात्र परवान्याच्या हिशेबात सार्वजनिक पैसा धरत नाहीत. स्वतः भरलेल्या विम्यातून मिळणारा बेकारभत्ताही धरत नाहीत. निर्वाहभत्त्याच्या कुठल्याही कागदावर सही करण्याआधी स्थलांतर सल्ला केंद्रात परवाना दाखवून विचारा. व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारू नका, तिथे प्रत्येकाचा परवाना वेगळा आणि उत्तर छातीठोक असतं.

पहिल्या भेटीला पासपोर्ट, परवान्याचं कार्ड आणि त्यासोबतचा हिरवा कागद, पत्त्याची नोंदणी, गुणपत्रिकांची जर्मन भाषांतरं आणि भाषेचं प्रमाणपत्र घेऊन जा. जर्मन अडत असेल तर दुभाषा मिळेल का, हे वेळ ठरवतानाच विचारा. आणि प्रकल्प आवडला तर त्याचा निधी कोणत्या तारखेपर्यंत आहे, तेही विचारून घ्या. बरेच प्रकल्प या निधीच्या काळाला, म्हणजे 2027 ला, बांधलेले आहेत, आणि मध्यावर बंद होणाऱ्या कोर्समध्ये मुलाचं वर्ष अडकायला नको.