नॉटिंगहॅमच्या गूज फेअरला पहिल्यांदा जाताय? मग हे वाचा

सप्टेंबर संपता संपता इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला गूज फेअर ही मोठी जत्रा भरते, पूर्वी थोडेच दिवस असायची पण 2022 पासून दहा दिवस. ऑल्टन टॉवर्स या थीम पार्कसारखं गेटवर तिकीट नाही, आत जाणं फुकट, ज्या राइडवर बसाल तिचेच पैसे, त्यामुळे शिरल्या शिरल्या पहिल्याच राइडवर पैसे घालवू नका, आधी अख्ख्या मैदानाला एक चक्कर मारा आणि मग ठरवा. थोडी कॅश जवळ ठेवा.

लहान मुलं असतील तर वीकडेला दुपारीच जा, शाळा सुटल्या की गर्दी वाढत जाते आणि अंधार पडल्यावर तर पोरांचा हात सोडायची सोय नाही. लाइट्स मात्र रात्रीच बघाव्यात, जमलं तर संध्याकाळपर्यंत थांबाच.

पहिली राइड गॅलपर्सची घ्या, म्हणजे वर-खाली होणारे लाकडी घोडे. नीट बघा, ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, युरोपात बाकी ठिकाणी बहुतेक उलटे. त्यामुळे इथे खऱ्या घोड्यावर चढतात तसं डावीकडून चढता येतं. मला तरी सगळ्या फेअरमध्ये यापेक्षा सुंदर काही वाटत नाही.

वॉल्ट्झर ही राइड मात्र पोट भरलेलं असताना नको. खालचा गोल प्लॅटफॉर्म वर-खाली होत फिरतो आणि तुमची बसायची गाडी त्यावर स्वतःभोवती गरगरते, वजन एका बाजूला आलं की अजूनच, म्हणून कमी फिरायचं असेल तर सगळ्यात जड माणसाला मध्ये बसवा आणि गाडी ढकलणाऱ्या पोराला सुरू व्हायच्या आधीच नको म्हणून सांगा. उंचीची अट प्रत्येक राइडच्या पाटीवर असते, तिथे हुज्जत घालू नका.

ही जत्रा 1928 मध्ये फॉरेस्ट मैदानावर आली, त्याआधी शहराच्या मधल्या चौकात भरायची, आणि 1766 ला तिथेच चीजच्या भावावरून दंगल झाली होती, चीजचे मोठे गोल गड्डे रस्त्यावरून घरंगळत गेले आणि एकाने खुद्द मेयरला आडवं केलं!

खायला मशी पीज विथ मिंट सॉस घ्याच, गरम गरम शिजवलेले वाटाणे आणि वरून आंबट पुदिना, थंडीत एकदम भारी लागतं.

गाडी फिनिक्स पार्क किंवा हकनॉल या ट्राम स्टॉपच्या पार्किंगला लावून ट्रामने या, 'द फॉरेस्ट' स्टॉप मैदानाला लागूनच आहे, पण फेअर चालू असताना तिथलं पार्किंग मिळत नाही.